सेंटरमधून घरी आला, आता पुढे काय?

व्यसनाचा विषय निघाला की घरचे पहिल्यांदा विचारतात, "चांगलं सेंटर कोणतं, आणि किती दिवसांत सुटेल?" पहिल्या भागाचं उत्तर मुंबईत तरी फार अवघड नाही. केईएम, नायर, सायन, जे.जे. या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथे व्यसनाचे रुग्ण तपासले जातात. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र कुणालाच ऐकायला आवडत नाही. अंगातला माल साधारण आठ-दहा दिवसांत निघतो. त्या मालाशिवाय दिवस काढायला माणूस शिकतो तो घरी आल्यावर, आणि त्याला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

या काळात घरच्यांनी काय करायचं, हे त्यांना धड कुणी सांगत नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं असतात, पुढची तारीख असते आणि तोंडी एक सूचना मिळते: "लक्ष ठेवा." मग आई खिसे तपासते, बायको मोबाइल उघडून बघते, वडील संडासच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालतात. तो माणूस आठ दिवस सहन करतो आणि नवव्या दिवशी म्हणतो, "तुमचा विश्वासच नाही, तर मी कशाला प्रयत्न करू?" घरच्यांची कळकळ खरी असते, त्याची चिडचिडही खरी असते. चुकलेलं असतं ते ‘लक्ष’ नेमकं कशावर ठेवायचं हे. माझं मत असं आहे की ते त्याच्या खिशापेक्षा त्याच्या रिकाम्या तासांवर ठेवावं. ते तास भरायला रोजचा व्यायाम कामी येतो, म्हणून इथे त्याबद्दल बोलायचं आहे. शरीर कमावणं हा त्यातला फार छोटा भाग आहे.

डोक्यात काय चाललेलं असतं

सगळी व्यसनं सारखी नसतात, आणि उतरतानाचा त्रासही सारखा नसतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द पसरली. पन्नीवर ओढली जाणारी ही ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन. ती बंद केली की काही तासांतच ‘टर्की’ सुरू होते: अंग मोडून येतं, नाक वाहतं, जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला जातो आणि आठवड्याभरात ओसरतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, भारतात २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते सोडताना शरीराला इतका झटका बसत नाही, पण मन कोसळतं. माणूस दोन-दोन दिवस झोपून राहतो, काहींच्या डोक्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या, ज्यांना काही वस्त्यांत ‘बटन’ म्हणतात, यांचा प्रकार आणखी वेगळा. रोज भरपूर घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे "खोलीत कोंडून ठेवू, चार दिवसांत उतरेल" हा उपाय घरी करू नका. पहिले दिवस डॉक्टरांचे.

त्यानंतर जे येतं त्याची घरच्यांना कल्पनाच नसते. जेवण, गप्पा, लेकराचं हसू, मॅच जिंकणं अशा सुखांच्या वेळी आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्रवतं. नशेचा पदार्थ ते नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट उसळवतो. हे रोज व्हायला लागलं की मेंदू स्वतःच्या बचावासाठी डोपामिन टिपणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, कमी करतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत चार तास डीजेसमोर नाचून आलेल्या माणसाला घरातलं हळू बोलणं ऐकूच येत नाही, तशी ही गत आहे. नशा थांबते, पण ग्राहक लगेच परत वाढत नाहीत. काही आठवडे, काहींना काही महिने, कशातच गोडी वाटत नाही. आईने केलेलं सुरमईचं कालवण समोर असतं आणि तो दोन घास खाऊन उठतो. कामावर लक्ष लागत नाही, सणावारी चार माणसांत बसवत नाही.

घरचे याला आळस म्हणतात. "एवढा खर्च केला, आता तरी हातपाय हलव" असे टोमणे सुरू होतात. हा सपाटपणा बरं होण्याचाच एक टप्पा आहे आणि तो उलटतो, एवढं जरी घरात सगळ्यांना माहीत असलं तरी निम्मी भांडणं टळतील. पण तो फार दिवस टिकला, झोप-भूक पार गेली किंवा मरणाची भाषा सुरू झाली, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर स्वतंत्र उपचार लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर अशा वेळी हाताशी असावा.

दुसरी गोष्ट आठवणीची. मेंदू नशेबरोबर जागाही लक्षात ठेवतो. व्हिएतनाम युद्धातून १९७१ च्या सुमारास परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला होता. तिथे हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी फार थोडे घरी आल्यावर पुन्हा त्यात अडकले. त्याची कारणं अनेक असतील, पण जागा बदलली हे एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे उलट होतं. मुलगा सेंटरमधून येतो तो त्याच चाळीत, त्याच जिन्यावरून, त्याच कट्ट्यासमोरून. संध्याकाळचे सात वाजतात, तीच पोरं दिसतात, आणि डोकं काही विचार करायच्या आत तोंडाला पाणी सुटतं. म्हणून तर घरोघरी "काही दिवस गावाला पाठवू या" हा विचार निघतो. कोकणात दोन महिने काढलेला मुलगा सुधारलेला दिसतोही. पण गणपतीनंतर तो परळला परत येतो, तेव्हा सात वाजण्याचं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय गावात दारू मिळत नाही असा ज्यांचा समज आहे, त्यांनी गाव बरेच दिवसांत पाहिलेलं नसावं.

व्यायामाने काय होतं, काय होत नाही

याबद्दल बोलताना उत्साहाच्या भरात बरंच काही सांगितलं जातं, म्हणून आधी पुरावा पाहू. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. मेथॲम्फेटामिन ही उत्तेजक नशा सोडून उपचार घेणाऱ्या काही लोकांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम केला. बाकीच्यांना आरोग्यावरची माहितीसत्रं दिली. व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिनचे ग्राहक वाढलेले दिसले, दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. पण दोन्ही गट मिळून माणसं विसाच्या आतच होती. २०१७ मध्ये अमेरिकेतच ३०२ जणांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही उत्तेजक नशा करणाऱ्यांवरचा. त्यात व्यायामाचा गट आणि माहितीसत्रांचा गट यांची सरळ तुलना केली तेव्हा नशेविना गेलेल्या दिवसांत ठळक फरक सापडला नाही. ज्यांनी व्यायाम खरोखर नियमित केला त्यांच्यात थोडा फायदा दिसला.

म्हणजे "धावायला लाव, सुटेल" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते खरं नाही. गर्दच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन ही व्यसनावरची औषधं लागणार असतील, तर त्यांच्या जागी सूर्यनमस्कार चालत नाहीत. ‘औषध म्हणजे दुसरी नशाच’ असं म्हणून गोळ्या बंद करायला लावणारे हितचिंतक प्रत्येक नात्यात एक तरी असतात. त्यांचं नम्रपणे ऐकावं आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.

मग व्यायामाचा उपयोग काय? मला तीन दिसतात. एक, तलफ. ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. सिगारेटच्या बाबतीत दहा-पंधरा मिनिटं भरभर चालल्याने तलफ तेवढ्यापुरती कमी होते, हे अनेकदा दिसलेलं आहे. इतर नशांबाबत पुरावा इतका पक्का नाही, पण ती वीस मिनिटं घराबाहेर पायांवर गेली तर नुकसान तर काही होत नाही. दोन, झोप. नशा सोडल्यावर सगळ्यात जास्त छळते ती निद्रानाशाची रात्र, आणि दमलेलं शरीर लवकर पडतं. तिसरा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो: व्यायामाला वेळ असते, जागा असते आणि माणसं असतात. सात वाजता कुठेतरी पोहोचायचं असतं. पोहोचला नाही तर कुणीतरी विचारतं, "काल आला नाहीस?" कट्ट्याने आजवर त्याला हेच दिलेलं असतं.

व्यायाम आणि व्यसनमुक्ती या जोडीची ओळख आपल्याकडे जुनी आहे. वांद्र्यात १९८१ साली फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने अय्यंगार पद्धतीच्या योगासनांना व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात पहिल्यापासून जागा दिली. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मुंबईतल्याही कितीतरी घरांना ते नाव जवळचं आहे.

सुरुवात कशी करायची? चालण्याने. पण त्याआधी एकदा तपासणी. एमडीसारखी उत्तेजक नशा हृदयावर ताण आणते, त्यामुळे ईसीजी आणि रक्तदाब बघितल्याशिवाय पळायला जाऊ नये. सुईने घेणाऱ्यांची कावीळ बी-सी आणि एचआयव्हीची तपासणी व्हायला हवी, खोकला असेल तर टीबीचीही. पहिले दहा-बारा दिवस, जोवर जुलाब आणि घाम चालू आहे, तोवर विश्रांती, पाणी, पेज, वरण-भात. मग रोज पंधरा मिनिटं. आठवड्याने वीस. महिनाभरात भरभर अर्धा तास झाला तरी खूप झालं. एकदम जोर-बैठकांचा सपाटा लावला तर तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, आणि ते अंगदुखणं त्याला टर्कीची आठवण करून देतं. हा धोका कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगितला.

खर्च जवळपास शून्य. वरळी सी-फेस आहे, मरीन ड्राइव्ह आहे, शिवाजी पार्कचा कट्टा आहे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, पालिकेच्या बागांमधून व्यायामाची साधनं बसवलेली आहेत. मुद्दा जागेच्या सौंदर्याचा नाही. जुन्या अड्ड्यावरून जावं लागणार नाही असा रस्ता निवडायचा, मग तो दोन गल्ल्या लांबचा असला तरी चालेल. पूर्वी कबड्डी खेळलेला मुलगा असेल तर मंडळाच्या प्रशिक्षकांना विश्वासात घेऊन सरावाला पाठवता येईल. गोविंदा पथकाचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. मेहनत, शिस्त आणि खांद्यावर दुसऱ्याचं वजन, हे सगळं तिथे आहे. पण काही पथकांत सरावानंतर काय चालतं तेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा पथक पाहून ठरवा. तोच इशारा जिमबाबत. महाराष्ट्रातल्या काही जिममध्ये स्टिरॉइड आणि मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं चोरून विकली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. मेफेन्टरमाइन हे मुळात भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ‘स्टॅमिना’च्या नावाखाली ते घेणं म्हणजे एका दाराने बाहेर पडून दुसऱ्याने आत येणं. चार-सहा महिने तरी जिमपेक्षा मोकळं मैदान बरं.

आणि सोबत कुणीतरी चाला. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे बाप-लेकाला मनातलं बोलायला जागाच नसते. भिंतीपलीकडे शेजारी, मध्ये टीव्ही. रस्त्यावर शेजारी-शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. त्यामुळे जी गोष्ट घरात सहा महिने निघाली नाही ती हाजीअलीच्या सिग्नलपाशी अचानक निघते. बापाने त्या वेळी उपदेश केला नाही म्हणजे झालं.

घराने पोलीस व्हायचं नाही, सावकारही नाही

व्यसनी माणसाच्या घराचे साधारण दोन स्वभाव दिसतात. एक झडती घेणारं. दुसरं पांघरूण घालणारं: "साहेब, त्याला ताप आहे" असा कामावर फोन करणारं, मंगळसूत्र गहाण ठेवून त्याची उधारी फेडणारं. बरेचदा एकाच घरात ही दोन्ही माणसं असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. तो त्या फटीतून आरामात वाट काढतो. म्हणून पहिलं काम: त्याच्याशी बोलण्याआधी मोठ्यांनी आपसात एकमत करावं. पैसे कोण देणार, किती देणार, उधारीला कुणी उभं राहायचं की नाही.

अजून उपचारालाच तयार नसलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी एक पद्धत बसवली, ‘क्राफ्ट’ नावाची. दारूड्यांच्या १३० नातेवाइकांवर केलेला तिचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत शिकलेल्या घरांतले ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोरासमोर कोंडीत पकडण्याच्या पद्धतीत हाच आकडा ३० टक्के होता. पद्धत ऐकायला साधी आहे. तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याबरोबर वेळ घालवा, त्याला आवडतं ते करा, चांगलं झालं ते बोलून दाखवा. नशेत असेल तेव्हा भांडू नका, सेवाही करू नका, बाजूला व्हा. नशेचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या, जिवावर बेतणारे सोडून. आणि तो स्वतः वैतागलेला असेल तो क्षण ओळखून उपचाराचा विषय काढा.

आपल्या घरात हे कसं वाजेल? नवरा रात्री घेऊन आला, तर: "तुम्ही आत्ता घेतलेलं आहे. मी आत्ता काही बोलत नाही. उद्या सकाळी चहाला बोलू." एवढंच. आणि सकाळी खरंच बोलायचं, शांतपणे, एकच मुद्दा: "काल तुम्ही आलात तेव्हा पोरगी घाबरून मोरीत जाऊन बसली. मला ते बघवलं नाही. सोमवारी केईएमला जाऊ या का? मी येते बरोबर." बहिणीने भावाला म्हणावं, "दादा, आज तू चालायला आलास, मला बरं वाटलं." कौतुक आपल्याकडे तोंडावर करायची पद्धत नाही, उलट नजर लागेल म्हणतात. तरी करावं. घरात मारहाण होत असेल तर मात्र यातलं काही करत बसू नका, आधी स्वतःची आणि मुलांची सोय.

पैशाचं बोलून ठरवा. पगाराच्या दिवशी हातात आलेली रोकड ही तलफेची मोठी ठिणगी असते. त्याच्या संमतीने काही महिने एटीएम कार्ड आईकडे किंवा बायकोकडे राहू द्या, रोजचा खर्च हातात द्या, आणि ही व्यवस्था कधी संपणार तेही आधीच सांगा. नाल्ट्रेक्सोनसारखी गोळी घरच्या एका माणसासमोर, रोज ठरलेल्या वेळी घेतली तर ती चुकत नाही. यात संशय नाही, बीपीची गोळी आठवणीने देतो तसंच हे.

मुलगी किंवा सून व्यसनात असेल तर घर लपवण्यातच वर्षं घालवतं आणि ती उपचाराला फार उशिरा पोहोचते. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे.

जबरदस्तीने उचलून नेणाऱ्या सेंटरांबद्दल एक शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. इच्छेविरुद्ध दाखल करायला डॉक्टरांची तपासणी लागते, ठरावीक अटी लागतात, आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांपर्यंतच असते. साखळीने बांधणं तर बेकायदाच. जिथे घरच्यांना महिनाभर भेटू देत नाहीत, डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, तिथून माणूस परत आणा. केस होईल या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: सेवन केल्याचा किंवा थोडासा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

घरच्यांचं स्वतःचं काय? बायको-आईला झोप नसते, पित्त वाढतं, लग्नकार्याला जाणं बंद होतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. दारूड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे, इतर नशांसाठी नार-अनॉन. तिथे जाऊन आलेल्या बायकांना पहिल्यांदा कळतं की हे आपल्या एकटीच्या नशिबात नव्हतं. आणि संध्याकाळच्या त्या चालण्याला त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात तर तो तास तुमचाही असतो.

स्लिप झाली, म्हणजे सोडलेली नशा पुन्हा घेतली, तर

होऊ शकते. व्यसन पुन्हा लागण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात सांगितलं जातं. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत उपचार मोडून त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण तसंच आहे. मधुमेहाच्या काकांनी लग्नात चार जिलब्या खाल्ल्या म्हणून आपण त्यांना घराबाहेर काढत नाही.

पण गर्दच्या बाबतीत स्लिपमध्ये एक जीवघेणी गोष्ट आहे, ती प्रत्येक घराला ठाऊक हवी. काही आठवडे क्लीन राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तो मात्र जुन्या अंदाजाने जुनाच डोस घेतो. सेंटरमधून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून सर्वांत धोक्याचे. श्वास अगदी मंद, मध्येच घरघर, ओठ निळसर, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हलवून जाग नाही: अशा वेळी लिंबूपाणी, थंड पाण्याच्या अंघोळी यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन, त्याला कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या, आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नालोक्सोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन असतं, पण कशावर उतारा द्यायचा हे त्यांना कळलं तरच ते वेळेत देता येतं.

स्लिप साधी असेल, म्हणजे एकदा घेतलं आणि घाबरून घरी सांगितलं, तर सांगितल्याबद्दल आधी बरं म्हणा. कारण पुढच्या वेळी सांगायचं की लपवायचं हे त्या मिनिटात ठरतं. मग दोघांनी बसून आदल्या दिवसाचा हिशेब काढायचा: भूक होती का, कुणाशी वाजलं होतं का, एकटाच होता का, झोप किती झाली होती, हातात पैसे कुठून आले. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी, जाताना गोळ्यांचा जुना कागद बरोबर. आणि संध्याकाळी सात वाजता चालायला जायचं, त्या दिवशीही.